‘नयनरम्य’ म्हणजे नेमका कुठला शॉट?

निपाणीच्या एका बी.ए.च्या विद्यार्थ्याने विचारलंय: आठवड्याला चार-पाच सिनेमे बघतो, पण लिहायला बसलं की गोष्ट सांगून होते, ‘अभिनय छान, छायाचित्रण नयनरम्य’ एवढं लिहून होतं आणि हात थांबतो. सिनेमाची चिकित्सा शिकायला पुण्यालाच जावं लागेल का? कॅमेऱ्यातलं काही कळत नसताना टीका करायचा हक्क आपल्याला आहे का? आणि मराठी सिनेमाला नावं ठेवली की घरचेच चिडतात, त्याचं काय करायचं?

शेवटचा प्रश्न वाचून हसू आलं. तो आपल्याकडचाच माणूस विचारणार. त्याच्याकडे येतो, पण आधी पहिला.

मी पंचवीसेक वर्षं बेळगावात राहून सिनेमावर लिहितोय आणि जमेल तिथे कॉलेजांत रसास्वादाचे वर्ग घेतोय. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांच्या वहीत हेच सापडतं: आधी गोष्ट, मग विशेषणं. मुलांना वाटतं आपल्याला शब्द कमी पडतात, चार तांत्रिक शब्द शिकलो की लिहिता येईल. मी विचारतो, नयनरम्य म्हणजे कुठला शॉट? उत्तर येतं, ‘सगळंच, सर.’ तिथंच घोडं पेंड खातं. पडद्यावर नेमकं काय दिसलं, काय ऐकू आलं, याची आठवणच शिल्लक नसते. गोष्ट लक्षात राहते, कारण ती लक्षात ठेवायची सवय आपल्याला आजीच्या मांडीवर लागलेली असते. माणूस चौकटीत कुठे उभा होता, आवाज कुठून आला, शॉट किती वेळ टिकला आणि कुठे तुटला, हे लक्षात ठेवायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. तेव्हा तुमची अडचण लिहिण्यातली कमी आणि बघण्यातली जास्त आहे, असं मला वाटतं.

किती खोलात शिरायचं ते तुम्हाला काय करायचंय यावर ठरेल. शुक्रवारी रात्री सिनेमा बघून शनिवारी सकाळी चारशे शब्द द्यायचे असतील तर कसरत वेगळी. एम.ए.ला प्रबंध करायचा असेल तर वेगळी. यूट्यूबवर बोलायचं असेल तर आणखी वेगळी, आणि त्यातलं मला फारसं कळत नाही. मी सांगतोय ती पहिल्या वर्षाची तालीम, छापायला काही देण्याआधीची.

आठवड्याला पाच सिनेमे बघणं थांबवा. एक बघा, आणि त्यातला चार-पाच मिनिटांचा एकच प्रसंग पाच वेळा बघा. पहिल्यांदा जसा आहे तसा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, नुसता ऐकायचा. चौथ्यांदा चित्र जिथे तुटेल तिथे कागदावर एक रेघ ओढत जायचं, म्हणजे शॉट किती आणि ते भराभर बदलतात की रेंगाळतात हे कळतं. पाचव्यांदा वही घेऊन. प्रसंग निवडताना ‘महत्त्वाचा’ शोधू नका. जिथे आपल्या पोटात काही हललं तो घ्या, नाहीतर जिथे कंटाळा आला तो. कंटाळ्यावर पाच वेळा काम केलेली मुलं पुढे चांगली लिहू लागलेली मी बघितली आहेत.

वहीच्या पानाला मधोमध उभी रेघ. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकू आलेलं. उजवीकडे वाटलेलं. डावीकडे ‘करुण’, ‘भेदक’ असा शब्द आला तर खोडायचा.

मी वर्गात बहुतेक वेळा नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) राष्ट्रगीताचा प्रसंग घेतो. जब्या हा सिनेमाचा शाळकरी नायक; खालची मानलेल्या जातीतलं त्याचं सगळं घर गावासाठी डुकरामागे धावतंय. शाळेतली मुलं बघून हसतायत, आणि जब्याला आवडणारी मुलगी त्यांच्यातच आहे. डुक्कर हाताशी येतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, घरचे थांबतात, ताठ उभे राहतात. डुक्कर निसटतं.

यावर पहिल्या खेपेला हमखास येणारं वाक्य: ‘या प्रसंगातून दिग्दर्शकाने जातिव्यवस्थेवर मार्मिक भाष्य केले आहे.’ चूक काहीच नाही. पण हे वाक्य आणखी पन्नास सिनेमांना चिकटवता येईल आणि सिनेमा न बघताही लिहिता येईल. मग मी डावी बाजू भरायला सांगतो. गाणं कुठून येतंय? शाळेतून. म्हणजे ते गोष्टीच्या आतलं आहे. पार्श्वसंगीत असतं तर फक्त आपल्याला ऐकू आलं असतं. इथे पात्रांना ऐकू येतं, म्हणून तर ती थांबतात. आता पळापळीच्या मधोमध माणसं पुतळ्यासारखी उभी आहेत आणि हलतंय काय, तर डुक्कर. राष्ट्रगीत नियमाप्रमाणे पूर्ण म्हणायला ५२ सेकंद लागतात हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं. त्यामुळे गीत सुरू होताच आपण मनात वेळ मोजायला लागतो. अन्याय झाला असं कुणी बोलून दाखवत नाही. उभं राहावं तर कामाचं वाटोळं, पळत राहावं तर राष्ट्रगीताचा अवमान. एवढं भरून झालं की उजवी बाजू आपोआप वजनदार होते. एका मुलीने दुसऱ्या खेपेला लिहिलं होतं, ‘ज्या देशात या घराच्या वाट्याला डुक्कर धरायचं काम आलं, त्या देशाच्या गीतासाठी हे घर हातातलं डुक्कर सोडून देतं.’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्याच सिनेमाला लावता येणार नाही.

याच प्रसंगाने मलाही एकदा शिकवलं. खानापूर तालुक्यातल्या एका वर्गात तो लावला, तर मागच्या बाकावरची तीन-चार मुलं खरंच उभी राहिली. बाकीची हसली. मग उभी राहिलेली ओशाळली, हसणारी गप्प झाली, आणि बसावं की उभं राहावं हे कुणालाच कळेना. तोवर मी तो प्रसंग डझनभर वेळा दाखवला असेन. पण तो प्रेक्षकालाही जब्याच्या घरच्यांच्या रांगेत नेऊन उभा करतो, हे मला त्या दिवशी दिसलं. आणि मग शेवट आठवला: जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. आधी ज्या प्रेक्षकाला रांगेत उभं केलं त्याच्यावरच शेवटी दगड. शाळेच्या भिंतीजवळ हसणाऱ्या मुलांत आपणही होतो की काय, हा प्रश्न मग टाळता येत नाही. सिनेमातल्या दोन लांबच्या जागा अशा एकमेकींना जोडता आल्या की चिकित्सा सुरू झाली समजा.

पुराव्याचा एवढा आग्रह मी का धरतो, त्यामागे माझी एक फजिती आहे. नवा होतो. एका थेटरात रात्रीच्या खेळाला सिनेमा बघितला आणि लिहिलं की उत्तरार्धात दिग्दर्शकाची पकड सुटते, नायकाचं मन एकाएकी कसं पालटतं याचा पत्ता लागत नाही. फार ऐटीत लिहिलं होतं. चार दिवसांनी चहाच्या गाड्यावर तिथला प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर भेटला. लेख त्याने वाचला होता. म्हणाला, ‘अवो, मन पालटायचं रीळ रात्रीला लावतच नव्हतो की. पब्लिकची शेवटची बस चुकती.’ पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटी रिळाची लांबी साधारण अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांचं पाप मी दिग्दर्शकाच्या पदरात घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला जाऊन तोच सिनेमा पुन्हा बघितला. बरा होता. खुलासा छापा म्हणून मागे लागलो, तर संपादकांनी नको म्हटलं.

आता रिळं गेली, पण कापाकापी थांबलेली नाही. टीव्हीवर जाहिरातींसाठी कापलेला सिनेमा, मोबाइलवर दोन्ही बाजूंनी छाटलेली चौकट, दुसऱ्याच भाषेत डब केलेला आवाज. माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहिलं की संकलन फार गतिमान आहे. विचारल्यावर कळलं, पठ्ठ्याने दीडपट वेगाने बघितला होता. म्हणून वहीच्या पानावर सर्वांत वर लिहा: कुठे बघितला, कशावर, कुठली प्रत, कुठल्या भाषेत.

इथवर थोडक्यात: कमी बघा, परत परत बघा, दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा, आणि समोर आहे तो पुरा सिनेमा आहे ना याची खात्री करा.

आता हक्काचा प्रश्न. कुंदा करता येत नाही म्हणून तो करपलाय हे सांगायचा हक्क नाही, असं बेळगावात कुणी म्हणणार नाही. पण कशाने करपला हे सांगायचं तर दूध किती आटवलं, कधी ढवळायचं राहिलं, हे थोडं माहीत हवं. तांत्रिक शब्द तेवढ्यासाठी. शॉट, चौकट, क्लोजअप, संकलन, कॅमेरा सरकतोय की जागेवरच वळतोय, आवाज गोष्टीतला की वरून घातलेला: डझनभर शब्दांत पहिलं वर्ष निघतं. शब्द आधी पाठ करून मग सिनेमात शोधत बसू नका. डावीकडच्या रकान्यात एखादी गोष्ट तीन ओळींत सांगावी लागली की तिला काय म्हणतात ते विचारा. असा शिकलेला शब्द विसरत नाही.

एक जुना प्रयोग मात्र आधीच माहीत असावा. रशियात शंभरेक वर्षांपूर्वी दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला. तो एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलीला, एकदा कोचावरच्या बाईला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. हे कळल्यावर ‘अभिनय छान’ लिहिताना हात जरा अडखळतो. चेहरा बोलतोय, की चेहऱ्याला जोडलेला पुढचा शॉट बोलतोय? कधी खरोखर नटच बोलत असतो. पण तपासून लिहा.

आता तुमच्याकडे जे आहे आणि पुण्याच्या मुलाकडे नाही, त्याबद्दल. निपाणीत वाढलात म्हणजे कन्नड कानावर आहे, थोडीफार वाचताही येत असणार. हे भांडवल आहे. ‘सैराट’चा (२०१६) कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) झाला; दिग्दर्शक एस. नारायण, आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू. एकच गोष्ट, एकच नटी, पण भाषा आणि दिग्दर्शक दुसरे. कुलेशोव्हसुद्धा खूश झाला असता. मूळ सिनेमाच्या शेवटी जातीबाहेर लग्न केलेल्या नायक-नायिकेचा खून होतो, पण तो दाखवलेला नाही. नायिकेच्या माहेरची माणसं येतात, चहा होतो, आणि मग शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं मूल परत येतं. ते रडतंय, पण पडद्यावर आवाजच नाही. त्याच्या पावलांचे लाल ठसे बाहेर पडतात. ही शेवटची दहा मिनिटं दोन्ही सिनेमांतून काढा आणि डावा रकाना शेजारी शेजारी भरा. आवाज कुठे थांबतो, चहाला किती वेळ दिलाय, कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे. कुठला चांगला हे नंतर. आधी, काय बदललं?

दुसरं उदाहरण जरा अवघड आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर उभा असतो. वर्गातली निम्मी मुलं ‘संथ आहे’ म्हणतात. मग मी त्यांना फक्त चौकटीच्या कडेला कोण येतं-जातं ते लिहायला सांगतो. त्यात एक प्रसंग आहे: दिवसभर कोर्टात सरकारची बाजू मांडणारी वकीलबाई सुट्टीत घरच्यांबरोबर मराठी नाटक बघायला जाते. नाटकात परप्रांतीयांची टर उडवलेली असते आणि प्रेक्षागृह खुशीत हसतं. मुंबई-पुण्याचे परीक्षक या प्रसंगाबद्दल लिहितात तेव्हा हसणारे ‘आपण’ असतात, आणि आपल्याला आपली लाज वाटावी असा तो प्रसंग आहे. मी तो बेळगावात बसून बघितला. इथे मराठी बोलणारे आपण कर्नाटकात अल्पसंख्य. मुंबईत ‘बाहेरचा’ शब्द ज्यांच्यावर पडतो, त्यांच्या जागी इथे आपण असतो. आणि तरी नाटकाच्या विनोदाला माझ्याही ओठांवर हसू आलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. पण माझ्या त्या लेखातला वाचण्यासारखा परिच्छेद तेवढाच होता. आपण कुठे बसून बघतोय हे लपवायचं कारण नाही. फक्त ते उजव्या रकान्यात लिहायचं आणि डावीकडच्या कुठल्या ओळीतून निघालं ते दाखवायचं.

यातूनच घरच्यांच्या रागाकडे येतो. आपल्याकडे मराठी सिनेमाचं पोस्टर लागलं की माणसं कर्तव्य म्हणून तिकीट काढतात. मीही काढलंय, सिनेमा सुमार आहे हे माहीत असताना काढलंय, आणि पुढेही काढीन. तिकीट काढणं वेगळं आणि लेख लिहिणं वेगळं. पण लोकांच्या मनात ही दोन्ही कामं एकच असतात, म्हणून ‘तू कुणाच्या बाजूचा?’ असं विचारतात. तोच प्रश्न चांगल्या कन्नड सिनेमावर मराठीत लिहिलं तरी येतो. गिरीश कासरवळ्ळींच्या ‘घटश्राद्ध’वर (१९७७, त्या वर्षीचं सुवर्णकमळ) मी लिहिलं होतं, की विधवेची ती सगळी परवड एका लहान मुलाच्या नजरेतून दिसते, आणि त्याला अर्थ कळत नसल्यामुळे आपल्याला जास्त कळतो. दुसऱ्या दिवशी एका वडीलधाऱ्या वाचकांचा फोन. ‘आमच्या पेपरात त्यांचं कौतुक कशाला?’ मी म्हटलं, काका, हे दिग्दर्शक शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. ती इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली ती प्रभात स्टुडिओच्या आवारात. आणि प्रभात १९२९ साली निघाली कोल्हापुरात, पुण्याला गेली १९३३ साली. कोल्हापूर इथून किती लांब? काका थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘तरी पण.’ त्या ‘तरी पण’ला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी तो सिनेमा कुठे बघायला मिळेल म्हणून परत फोन केला.

घरच्यांशी भांडताना एवढं पथ्य पाळा: वाईट म्हणायचं तर प्रसंगाचं नाव घेऊन म्हणा. ‘बकवास आहे’ याला उत्तर म्हणजे आवाज चढवणं. ‘बापाच्या मरणाच्या प्रसंगात चार मिनिटं व्हायोलिन थांबतच नाही, म्हणून आईचा आवाज ऐकूच येत नाही’ याला उत्तर द्यायचं तर समोरच्याला तो प्रसंग पुन्हा आठवावा लागतो. माझ्या वडिलांशी अशी भांडणं पुष्कळ झाली. बऱ्याचदा मी हरलो, कारण त्यांना प्रसंग माझ्यापेक्षा चांगले आठवायचे.

पुण्याला जायचं का? सोय असेल तर जरूर जा. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रसास्वाद वर्गाचा मला फार उपयोग झाला. तिथे शिकवतात त्याहून जास्त फायदा अंधारात दिवसभर बसायची सवय लागते त्याचा, आणि आपल्याला आवडलेला सिनेमा न आवडलेला शहाणा माणूस शेजारी भेटतो त्याचा. बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं, पहिले दिवस जड जातात. पण त्यासाठी अडून बसू नका. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर, बेळगावपेक्षा जवळ. तिथे फिल्म सोसायटी आहे, चित्रपट महोत्सव भरतो. आणि २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आहे. आम्ही चार-पाच जण दर नोव्हेंबरात चोर्ला घाटातून एक गाडी करून जातो. दिवसाला दोनच सिनेमे बघायचे हा आमचा नियम. पाच बघणारे संध्याकाळी कुठला प्रसंग कुठल्या सिनेमातला यावर वाद घालत असतात.

पुस्तक मी एकच सांगतो: अरुण खोपकर यांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’. मराठीत आहे, तीन सिनेमांवर आहे, आणि उजेड, सावली, चेहरा, गाणं यांच्याकडे बघत बघत अर्थापर्यंत कसं पोचायचं ते दाखवतं. नुसतं वाचून काढू नका. सिनेमा लावायचा, थांबवायचा, पान वाचायचं, मागे जायचं. महिना-दीड महिना लागेल. एखाद्या ठिकाणी ‘मला असं दिसत नाही’ वाटलं तर समासात लिहून ठेवा.

पहिला महिना परीक्षण एकही लिहू नका. चार प्रसंग, चार पानं. त्यातलं एक पान मला दाखवलंत तर आवडेल. डावीकडे कुठे ‘नयनरम्य’ सापडलं, तर कुठला शॉट म्हणून विचारणार आहे.